हरकत

मसुद्यावर हरकती मागवल्यात, दोन महिन्यांच्या आत.
कागद कोअर शॉपच्या दारावर लावलाय,
पाण्याच्या टाकीमागं, उंच.
स्टुलावर चढून मी फोटो काढला,
लेकीनं घरी मोठा करून वाचला.
म्हणून ही हरकत. अक्षर तिचं, बोलणं माझं.

मी मालन आनंदा चौगुले, राहणार हालोंडी,
शिरोलीच्या फौंड्रीत कोअर करतो.
लेक म्हणाली, आई, साहेब लांबचे असतील, "करते" लिहू?
म्हटलं, नको. कोल्हापूरकडं बायकाबी "करतो"च म्हणत्यात.
करण्यात बाई-गडी वेगळं नाही इथं.
वेगळं पगाराच्या चिठ्ठीत.

कोअर तुम्हाला ठाऊक असंल, तरी सांगतो.
इंजनाच्या पोटात जी पोकळी असती,
जिथनं पाणी फिरतं आणि इंजन थंड राहतं,
ती आधी कुणीतरी वाळूत घडवावी लागती,
घट्ट, कडा न मोडता.
मग तिच्याभोवती रस ओततात,
आणि लोखंड गार झालं
की हातोड्यानं माझं काम फोडून बाहेर काढतात.
मोल्डरचं काम दिसतं. भट्टीवाल्याचं दिसतं.
इंजनात जे नाही, ते माझं.

दिवसाला दोनशे चाळीस.
वाळूची ओल बोटाला कळती, वजन तळहाताला,
गॅस कधी बंद करायचा ते कानाला:
फुस्स आवाज बारीक झाला की बास.
याला चौदा वर्षं लागली.

तुमच्या तक्त्यात तीन रकाने आहेत.
कुशल. अर्धकुशल. अकुशल.
मी तिसऱ्यात.
ठेकेदाराच्या मस्टरला मी "हेल्पर".
कुणाची हेल्पर, ते लिहिलेलं नाही.

योजनेतनं पोरं येतात, सहा महिने शिकायला.
भत्ता सरकारचा, शिकवणं माझं.
गेल्या साली कागलचा सुहेल आला. हात देवानं दिलेला.
सहा महिने भरले
आणि सोमवारी गेटवरच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.
नवीन पोरगं होतं, नवीन भत्ता.
त्यालाबी मीच पहिल्यापासनं: पेटी अशी धर, बाळा.
आठ जण झाले असे.
एक हुपरीचा, दुसऱ्या कंपनीत अर्धकुशल लागला.
दिवाळीला बसस्टॉपवर भेटला, भर गर्दीत पाया पडला.
लाजच वाटली मला. त्याचा रकाना माझ्या वरचा.

दर वाढवताय, वाढवा. चांगलंच आहे.
पण तिसऱ्या रकान्यात एकवीस रुपये जास्त घेऊन
मी तिसऱ्याच रकान्यात राहतो.
रकाना ठरवायच्या आधी हात बघा की, साहेब.
परीक्षा घ्या. पेटी आणा, वाळू आणा, म्हणाल तिथं बसतो,
शेजारी मॅनेजरलाबी बसवा.
जी कंपनी पोराला सातव्या महिन्यात ठेवंल
तिलाच फुकटचं पोरगं परत द्या.
आणि शिकवणाऱ्या माणसाला तक्त्यात कुठं बसवायचं,
तेवढं एकदा ठरवा.

चौथीत गुरुजींनी पत्र लिहायला शिकवलेलं.
पहिली ओळ पाठ होती: इकडील सर्व कुशल.
भाऊ सैन्यात होता, त्याला तेच धाडायचो,
घरात पीठ नसलं तरी.
आज लेकीनं सवयीनं वरती तीच ओळ घातली.
मी खोडायला लावली.
सरकारी कागद आहे, खोटं नको.

सोबत एक कोअर जोडलाय, पेपरात गुंडाळून.
टेबलावर ठेवा, खिडकीपासनं लांब,
दमट हवेत मऊ पडतो.
हाताळून बघा, पण हळू.
फुटला तर कळवा, दुसरा करून आणतो.
फक्त त्याचे पैसे कापू नका.